आंबिलीच्या बिंदगीतलं पोर्ट

आमच्या घरात दारू शिरली ती तुळजापूरच्या व्याह्यांच्या हातून, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढं जे झालं त्यात माझा दोष काढणारे पुष्कळ भेटतील. त्यातले निम्मे माझ्याच घरात जेवतात.

माझा नातू युवराज पुण्याला कंपनीत असतो. त्यानं तिथंच तुळजापूरची एक पोरगी पसंत केली, इरा तिचं नाव. बाप राघवेंद्रराव हेडक्लार्क होते, आता निवृत्त. आई अनसूयाबाई शाळेत शिकवायच्या. शिकलीसवरली, हळू आवाजात बोलणारी माणसं. आम्ही तेरचे शेतकरी. द्राक्षाची बाग, दारात ट्रॅक्टर आणि बोलणं ह्या बांधावरून त्या बांधाला ऐकू जाईल असं. तरी पोरांचं जमलंय तर आपण कशाला आडवं पडा म्हणून आम्ही पोरगी बघायला गेलो. बघायला म्हणजे काय, ज्यानं बघायची त्यानं बघून झालेली होती. आपण आपलं पोहे खाऊन यायचं.

पोहे झाले, चहा झाला, आणि अनसूयाबाई ट्रेमधे अंगठ्याएवढे काचेचे पेले घेऊन आल्या. आत काळं-जांभळं काहीतरी.

"आमच्या दारातल्या जांभळाचं पोर्ट आहे," त्या म्हणाल्या. "घरीच करते, वर्षभर मुरवते. घरात काही चांगलं घडलं की एक बाटली उघडतो."

आमचे मालक, ज्ञानोबा, माळकरी. त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावून दाखवला आणि सुटले. मी चालत न्हाय म्हटलं. पण माझा रणधीर, युवराजचा बाप, जो शाळेत मास्तर आहे आणि पोरांना व्यसनमुक्तीवर निबंध लिहायला लावतो, त्यानं घोट घेतला आणि डोळे मिटले. एवढी वर्षं माझ्या हातचं खातोय. डोळे कधी मिटले नव्हते.

वर राघवेंद्ररावांनी विचारलं, "तुमची तर द्राक्षाची बाग आहे. तुम्ही काय करता द्राक्षांचं?"

"व्यापाऱ्याला घालतो," मी म्हटलं. "उरलंसुरलं बेदाण्याला."

"फक्त बेदाणे?"

त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला आज कळतंय. पण तेव्हा ते 'फक्त' मी तेरपर्यंत गाडीत मांडीवर घेऊन आले. त्याआधी त्यांच्या उंबऱ्यातच सगळ्यांच्या देखत बोलून बसले, "दिवाळीनंतर केळवणाला तुम्ही आमच्याकडं याल, तेव्हा आमच्या बागेचं पोर्ट पाजते. तुमच्या जांभळाच्या वरचं झालं न्हाय तर धुरपदाबाई म्हणू नका मला."

गाडीत मालक म्हणाले, "पोर्ट म्हंजी दारूच की गं."

"फळाचा रस हाय."

"रस असता तर मास्तरनं डोळं कशाला मिटलं असतं?"

ह्यावर मी खिडकीची काच वर केली. बोललेला शब्द खाली पडू द्यायचा नसतो, मग तो दारूचा असला तरी.

बागेची तोड चालूच होती. अनसूयाबाईंनी फोनवर कृती सांगितली, हातचं काही राखलं नाही. द्राक्षं कुस्करायची, साखर आणि यीस्ट घालायचं. काचेच्या बरणीला नळी लावायची, म्हणजे आतली हवा बाहेर पडते पण बाहेरची आत शिरत नाही. गोडी निम्मी उतरली की ब्रँडी ओतायची, तिनं आंबणं थांबतं. मग गाळून, गच्च बंद करून मुरत ठेवायचं. "आणि अधूनमधून चाखत राहा हं," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. मोठ्या माणसाला फोनवर नाही म्हणणं बरं दिसत नाही.

आता ही नळी. सलाईन लावल्यासारखी बरणी घरात उभी करायची, तर येणारा-जाणारा विचारणार की कोण आजारी आहे. आणि काचेची बरणी कशाला, माझ्याकडं बिंदगी असताना? आमच्या भागात येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, सगळं गाव शेतात जेवायला जातं. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून आंबील करतात आणि ती मातीच्या बिंदगीतनं डोक्यावर न्यायची. माझ्या आंबिलीसाठी लोक आपल्या शेतातली पंगत सोडून आमच्या कडब्याच्या कोपीवर येतात, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. ती बिंदगी माझ्या सासूबाईंच्या हातची. इतकी आंबील मुरलीय तिच्यात की नुसतं ताक ओतून ठेवलं तरी सकाळी आंबील झाल्यासारखं लागतं. आंबवण्यातलं मला कुणी शिकवावं? मी बिंदगी माळ्यावरून काढली, धुतली, उन्हात वाळवली आणि द्राक्षाचा रस तिच्यात ओतला. यीस्ट बेकरीत मिळतं म्हणाले. पावाचं औषध आपण कशाला घालायचं. बिंदगीला सगळं ठाऊक आहे.

राहिली ब्रँडी. मालक माळकरी. रणधीर मास्तर, दारूच्या दुकानासमोर त्याला कुणी बघितलं तर नोकरी नाही पण तोंड जाईल. युवराज म्हणाला, "आजी, मी पुण्याहून आणतो." म्हणजे व्याह्यांना सांगणार, आजीनं केलं पण ब्रँडी मी आणली. मी म्हटलं, राहू दे. येडेश्वरीला नवस फेडायचाय असं घरात सांगून मी येरमाळ्याची एसटी धरली. दर्शन खरंच घेतलं, खोटं कशाला बोला. मग पदर डोक्यावर ओढून हायवेवरच्या दुकानापाशी गेले.

तिथं मला एक गोष्ट कळली. तेरमधे ज्यांना तोंड लपवायचं असतं ते सगळे येरमाळ्याला येतात. आमच्या गल्लीतला बसप्पा मोटारीला रेलून उभा. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. मला बघून त्यानं ते पाठीमागं नेलं.

"अक्का, तुमी?"

"दर्शनाला आलते."

"आमी बी," बसप्पा म्हणाला, आणि आम्ही दोघांनी देवळाच्या दिशेला हात जोडले.

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं, माझ्या पदराकडं, कपाळावरच्या कुंकवाकडं. आजूबाजूला कुणालाच काही विचारत नव्हता, मला मात्र म्हणाला, "मावशी, परवाना लागतो."

मग परवाना. दुसऱ्या दिवशी धाराशिव. ज्या कचेरीत हे काम होतं तिथं मल्लिनाथ नावाचा बाबू बसला होता. गुणी पोरगा, नाव घ्यायला हरकत नाही, उठून खुर्ची दिली त्यानं. पंखा माझ्याकडं वळवला आणि विचारलं, "प्यायचा परवाना पाहिजे का, मावशी?"

"मी पीत न्हाय."

"मग परवाना कशाला?"

"ओतायला."

त्यानं पेन खाली ठेवलं. "ओतायचा परवाना नसतो, मावशी. प्यायचा असतो. प्रकृतीसाठी घेता असं लिहून द्यावं लागंल."

"माझ्या प्रकृतीला काय झालंय? आजपर्यंत दवाखान्याची पायरी बाळंतपणाशिवाय चढले न्हाय. कागदावर आजारी म्हणून लिहून देऊ?"

"कशात ओतणार हाय?"

मी सांगायला लागले. बिंदगी, द्राक्षाचा रस, बुडबुडे. पोरगा खुर्चीत हळूहळू मागं सरकायला लागला. मग हात जोडून म्हणाला, "मावशी, तुम्ही घरी काय करता ते मला सांगितलं न्हाय आणि मी ऐकलं न्हाय. तुम्ही पाणी प्या आन् घरी जावा."

पाणी प्याले. पाणी थंडगार होतं. पण भर कचेरीत मला आजारी बेवडी म्हणून सही करायला सांगितली, हे घरी सांगण्यासारखं नव्हतं. घरी सांगितलं की ब्रँडी घालायची पद्धत शहरातली, आपल्यात गूळ घालतात. आणि गूळ घातला.

आमच्या शेजारी सिद्धम्मा राहते. माहेर तिचं कर्नाटकातलं, त्यामुळं तिच्याकडं प्रत्येक गोष्टीचा एक पलीकडचा उपाय असतो. ती येऊन बिंदगीभोवती फिरली, कान लावून ऐकलं.

"बोलायला लागलीय की अक्का ही."

"आंबतंय ते."

"ज्वारीत पुरा. ऊब लागंल. आमच्याकडं कच्ची केळी अशीच पुरत्यात."

"केळी पिकवायची न्हायत मला."

"मुरायचं म्हंजी पिकणंच की."

मला ते पटलं. दुसऱ्याचं पटत नाही असं माझ्याबद्दल म्हणतात, ते खोटं आहे. देवघराच्या बाजूच्या खोलीत ज्वारीची कणगी आहे, तिच्यात गळ्यापर्यंत बिंदगी पुरली आणि तोंडाला धोतराचं फडकं बांधलं. मालकांचं जुनं धोतर. ते त्यांना नंतर कळलं.

शनिवारी आमच्याकडं भजन असतं. मंडळी जमली, दोन अभंग झाले, पखवाज थांबला आणि सगळे विठ्ठलाचं नाव घेऊन डोळे मिटून बसले. त्या शांततेत बाजूच्या खोलीतून आवाज आला. बुडूक. थोड्या वेळानं परत बुडूक. एकानं डोळे उघडले, मग दुसऱ्यानं. वास तर होताच, तो इतका वेळ उदबत्तीवर ढकलला होता. पुढच्या शनिवारी भजन दुसऱ्याच्या घरी ठरलं आणि मालकांना दाराजवळची जागा मिळाली. ते काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला आवडत नाही, जेवताना भाकरी मोडायचा आवाज मोठा येतो त्यांचा.

शेवटी एकदा म्हणाले, "ऐकलं का. निदान कुणाला तरी चाखाय सांग. काय झालंय ते तरी कळंल."

"देवाच्या आधी?"

हे सांगायला पाहिजे. आमच्या घरात चुलीवरचं काही नैवेद्याच्या आधी चाखायचं नाही. मीठसुद्धा नाही. सासूबाईंनी मला वासावर आणि रंगावर स्वैपाक शिकवला. नवीन केलेलं काहीही आधी देव्हाऱ्यापुढं, मग माणसांपुढं. केळवणाच्या दिवशी देवापुढं ठेवायचं ठरलं होतं, म्हणजे त्या दिवसापर्यंत त्या बिंदगीत बोट बुडवायचं काही कारण नव्हतं. "देवापुढं दारू ठेवतीस?" मालक म्हणाले. "फळ ठेवते," मी म्हटलं. ह्या वादाला आमच्याकडं शेवट नाही, तो अजून चालू आहे.

पण न चाखताही मला कळत होतं की काम जोरात चाललंय. उन्हाळा सरता सरता वास आंबूस झाला. आता आंबिलीला आंबूस वास आला म्हणजे ती लागली. मी खूश. मग चिलटं आली. चिलटं वाईट मालावर कशाला येतील? आणि श्रावणात फडकं सोडून बघितलं तर वर जाड, पांढरट, गुळगुळीत साय. दुधावर एवढी साय आली तर आपण म्हणतो म्हैस कसदार आहे. मी सिद्धम्माला बोलावून दाखवली.

"ह्ये काय हाय अक्का?"

"साय."

"दारूला साय?"

"पोर्टला येते."

तिनं मान हलवली. तिनं मान हलवली की गल्लीत सगळ्यांना कळतं. आठवडाभरात कुणी ना कुणी साय बघायला येत होतं. बसप्पा येऊन गेला, लांबून वास घेतला आणि म्हणाला, "अक्का, कडक हाय." त्याच्यासारख्या जाणत्या माणसानं म्हटल्यावर मी बिंदगीचं तोंड परत बांधून टाकलं.

एका गोष्टीनं मात्र मला झोप नव्हती. फोनवर अनसूयाबाई विचारायच्या, "कसं चाललंय?" आणि मी म्हणायची, "तुम्ही याच." असं म्हणत म्हणत मी मागची वाट इतकी बंद करून घेतली होती की आता माणसानं फक्त पुढंच जायचं. सून एकदा दबकत म्हणाली, "आई, वाटलं तर सोलापूरहून एक चांगली बाटली आणून ठेवू का? कुणाला कळणार न्हाय." मी तिच्याकडं नुसतं बघितलं. मला कळलं असतं की.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, केळवणाचा दिवस उजाडला. पुरणपोळी, कटाची आमटी, भज्यांचा डोंगर. तुळजापूरची मंडळी दोन गाड्यांतून उतरली. मी साय बाजूला काढली, तलम फडक्यातून गाळलं. काय रंग होता म्हणून सांगू, पैठणीच्या काठासारखा. देव्हाऱ्यापुढं एक वाटी ठेवली. मालक त्या वेळी अंगणात नळाची तोटी तपासत होते.

मग चांदीच्या फुलपात्रांतून सगळ्यांना दिलं. पुण्याहून मागवलेले पेले होते, पण माझं सामान मी अंगठ्यानं मोजत नाही.

राघवेंद्ररावांनी घोट घेतला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, सगळी खोलीच बघत होती. जन्मभर साहेबासमोर उभा राहिलेला माणूस तो, तोंडावरची एक रेघ हलली नाही. फक्त कान लाल झाले. त्यांनी दुसरा घोट घेतला. मग त्यांच्याकडच्या सगळ्यांनी घेतला, वडील माणूस पितोय म्हटल्यावर. अनसूयाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं आणि म्हणाल्या, "वेगळंच आहे हो. अगदी वेगळं."

"जांभळाच्या वर हाय का न्हाय?"

"तुलनाच नाही," राघवेंद्रराव म्हणाले आणि तिसरा घोट घेतला.

मी खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं सासूबाई वरून बघत असतील. रणधीरकडं बघितलं. त्यानं ह्या वेळीही डोळे मिटले होते. घट्ट.

"आजी," इरा म्हणाली. ती युवराजशेजारी सतरंजीवर बसली होती, फुलपात्र हातात. "हे व्हिनेगर झालंय."

तिच्या आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. पोरीनं तो उचलून परत आईच्या मांडीवर ठेवला.

"काय झालंय?" मी विचारलं.

"सिरका, आजी. खूप जास्त आंबलंय. पिऊ नका म्हणा सगळ्यांना, रिकाम्या पोटी त्रास होईल."

मी माझं फुलपात्र उचललं. देवाचं झालं होतं, आता चाखायला हरकत नव्हती. घोट घेतला. कसं होतं ते सांगत नाही. माझे उरलेले दात माझेच आहेत का असं वाटलं. मी ते गिळलं, कारण समोर तुळजापूरची अर्धी माणसं तीन-तीन घोट गिळून बसली होती आणि त्यांच्यापेक्षा कमी पडायचं नव्हतं.

मी इराला म्हटलं, "एवढी मोठमोठी माणसं बसलीत इथं. त्यांना कळलं न्हाय आणि तुला तेवढं कळलं व्हय?"

"कळलं सगळ्यांना, आजी," ती म्हणाली. "मी फक्त बोलले."

मी एकेकाकडं बघितलं. रणधीरनं डोळे उघडले नव्हते. युवराज पायाचा अंगठा निरखत होता. सून दाराआड गेली. मालक, जे एवढा वेळ अंगणात होते, ते नेमके आत येऊन बसले होते आणि आढ्याकडं बघत होते. म्हणजे ह्यांना वासावरूनच माहीत होतं. किती दिवसांपासून कोण जाणे. सासूबाई गेल्यापासून ह्या घरात माझ्या हातचं काही बिघडलंच नाही, असं मी धरून चालले होते. आता मला आठवायला लागलं की कोणकोणत्या भाज्यांच्या वेळी मालक आढ्याकडं बघतात.

राघवेंद्ररावांच्या हातात अजून अर्धं फुलपात्र होतं. त्यांनी अदबीनं विचारलं, "मग हे संपवायचं, की ठेवलं तर चालेल?"

"ठेवा," मी म्हटलं. माणूस निवृत्तीच्या दिवशी किल्ल्या ठेवतो तसं त्यांनी ते खाली ठेवलं.

मला वाटलं होतं, शब्द पडला तर जमीन फाटेल. जमीन होती तिथंच होती. पंगत मांडायची राहिली होती आणि भजी गार व्हायला लागली होती. मी अनसूयाबाईंना म्हटलं, "विहीणबाई, सकाळी गाडीतून उतरताना तुमची पिशवी खणकली. बाटली काढा आता."

त्या बाई लाल झाल्या. "अहो, सहजच आणली होती. काढणार नव्हते मी."

"माहिताय मला. म्हणून तर म्हणते, काढा."

त्यांनी ओटीच्या साडीच्या घडीतून बाटली काढली. फुलपात्रं विसळून आली. सगळ्यांना थोडं थोडं दिलं आणि ह्या वेळी मीही घेतलं, मालकांच्या समोर. जन्मात पहिल्यांदा. जिभेवर ठेवलं, सावकाश गिळलं. अनसूयाबाई माझ्याकडं बघत होत्या. तोंडावर काही नव्हतं त्यांच्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी ते ओळखलं. वर्षभर मीही तेच करत होते.

"छान आहे" म्हणणं माझ्या ओठांवर आलं होतं. इरा बघत होती.

"विहीणबाई," मी म्हटलं, "साखर लई झालीय. पाकातल्या जांभळासारखं लागतंय. रस चांगला हाय, पण तुम्ही तो गोडात बुडवून मारलाय."

त्यांच्याकडच्या एका बाईला ठसका लागला. अनसूयाबाईंनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग नवऱ्याकडं वळल्या.

"इतकी वर्षं पिताय," त्या म्हणाल्या, पहिल्यांदाच जरा मोठ्या आवाजात. "तुम्ही कधी बोलला नाहीत ते?"

राघवेंद्रराव आढ्याकडं बघायला लागले. आमचे मालक सतरंजीवर थोडे सरकले आणि त्यांना शेजारी जागा करून दिली.